हौसेला मोल नाही

क्रिकेट, राजकारण आणि दुसऱ्याच्या मुलीचे लग्न या तीन विषयांवर मत देण्यासाठी आपल्याकडे कोणालाही अभ्यास करावा लागत नाही, हे मी फार पूर्वीपासून पाहत आलो आहे. यंदाच्या वर्षी त्यात चौथ्या विषयाची भर पडली. तो विषय म्हणजे दुसऱ्याची मोटार. तुमच्या मोटारीत काय बदलावे, काय बदलू नये, तिला कोणते टायर घालावेत आणि तिचे इंजिन काढून दुसरे कोणते बसवावे, हे तुम्ही सोडून जगातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. मी मराठीचा प्राध्यापक. मोटारीतले मला एवढेच कळते की किल्ली फिरवली म्हणजे ती सुरू होते आणि माझ्या हाताने फिरवली म्हणजे बहुधा होत नाही. तरीदेखील या विषयावर मी मत दिले, ते मोठ्या अधिकाराने दिले, आणि त्या मताची किंमत दुसऱ्या कोणीतरी भरण्याची वेळ थोडक्यात टळली. तीच हकीकत आज सांगायची आहे.

सुरुवात अमेरिकेतून झाली. माझा भाचा तिकडे टेक्सासमध्ये नोकरी करतो. गेल्या हिवाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला. स्वर असा, की मला वाटले, पोराने लग्न ठरवले.

"मामा, गाडी घेतली. कूपे. मागच्या चाकांवर चालणारी!"

"चारही चाकांवर चालणारी का नाही घेतलीस?" मी काळजीने विचारले.

त्यानंतर अर्धा तास माझी शिकवणी झाली. वाचकांपैकी जे माझ्यासारखे असतील त्यांच्यासाठी सांगतो. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. म्हणजे ओढायचेही त्यांनीच आणि वळायचेही त्यांनीच. जुन्या गाड्यांत आणि काही खास गाड्यांत मात्र इंजिन पुढे, पण ताकद एका लांब दांड्यातून मागच्या चाकांकडे जाते. पुढच्या चाकांनी फक्त दिशा दाखवायची, मागच्यांनी ढकलायचे. मी त्याला म्हटले, "पहिला प्रकार म्हणजे आपली बैलगाडी. दुसरा प्रकार म्हणजे हातगाडी." भाचा थोडा नाराज झाला, पण उपमा चुकली असे त्याला म्हणता आले नाही.

त्याने घेतलेली गाडी टोयोटाची, 'एटी-सिक्स' नावाची. अर्थात वापरलेली. २०१२ साली ही गाडी निघाली. टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी ती मिळून केली, म्हणून तिला सुबारूच्या घरी एक जुळी बहीणही आहे. अमेरिकेत पहिली काही वर्षे ती 'सायन' या नावाने विकली जात होती. किंमत सुमारे पंचवीस हजार डॉलर. आपल्याला हा आकडा मोठा वाटेल, पण तिकडे शर्यतीच्या घाटाच्या गाडीला ही किंमत मध्यमवर्गीय समजतात. नावातल्या शहाऐंशीला कारण आहे. १९८३ ते १९८७ या काळात टोयोटाने कोरोलाची एक स्वस्त, हलकी, मागच्या चाकांची जात काढली होती. तिच्या सांकेतिक नावात ८६ हा आकडा होता. बाकीच्या कोरोला तोवर पुढच्या चाकांवर गेल्या होत्या. ही एकटी जुन्या वळणाची राहिली आणि जपानातल्या तरुण पोरांनी तिला घाटाघाटांतून अशी काही पळवली, की तिचे पुराण झाले. १९९५ पासून तिच्यावर एक चित्रकथाही आली. तिचा नायक पहाटे डोंगरातल्या हॉटेलात सोयाबीनचे पनीर पोचवणारा पोरगा. हे ऐकून मला आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा अभिमान वाटला. आमच्याकडे सोयाबीन आहे, घाट आहे, पोरेही आहेत. पुराण तेवढे व्हायचे राहिले.

तर गाडी घेतली, आता पुढे काय? भाच्याला वाटले होते, पुढे ती चालवायची. पण तसे नसते. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्यात काय बदलायचे याचा विचार सुरू करावा लागतो, आणि त्या बाबतीत हौशी मंडळींत आपल्या साहित्य संमेलनांपेक्षा जास्त पंथ आहेत.

पहिला पंथ म्हणतो, या गाडीला ताकद कमी. इंजिन १९९८ घनसेंटिमीटरचे, ताकद दोनशे अश्वशक्ती. एवढ्याने काय होते? शिवाय इंजिनाचे फेरे साडेतीन-चार हजारांच्या घरात गेले की त्याचा जोर मध्येच ओसरतो, आणि मग पुन्हा चढतो. व्याख्यात्याला भाषणाच्या मध्यावर एकदम मुद्दा आठवेनासा व्हावा, तसे. म्हणून या पंथाचे लोक इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा बसवा म्हणतात. दुसरा पंथ म्हणतो, सावध! या इंजिनात मुळातच मिश्रण साडेबारा पट दाबले जाते. त्यात आणखी हवा कोंबाल तर ते अवेळी पेट घेईल आणि इंजिनाचे पोट फुटेल. त्यापेक्षा धूर बाहेर नेणारी नळकांडी बदला, इंजिनाच्या संगणकाची मात्रा फेरून घ्या, मधला खड्डा पुष्कळसा बुजतो. तिसरा पंथ अतिजहाल. हे इंजिनच फेका आणि आठ सिलिंडरांचे अमेरिकन इंजिन घाला. चौथा पंथ शृंगारवादी. त्यांना आतल्या यंत्राशी कर्तव्य नाही. मागे एक भलेमोठे पंख लावावे, गाडी जमिनीला टेकवावी आणि उभी करून फोटो काढावा.

पाचवा पंथ मात्र मला फार आवडला. तो म्हणतो, कशालाही हात लावू नका. ही गाडी ज्यांनी केली त्यांनी काही विचाराने केली. तिची सिलिंडरे उभी नाहीत, समोरासमोर आडवी निजवली आहेत. त्यामुळे इंजिन खाली बसते आणि वळणावर गाडी कलत नाही. तिला टायरसुद्धा मुद्दाम साधे, कमी पकडीचे दिले आहेत, ते अशासाठी की भलत्या वेगात न जाताही चालवणाऱ्याला मागच्या चाकांचा स्वभाव कळावा. तिच्यात ताकद घालणे म्हणजे भावगीताला ढोल लावणे.

"मामा, तुझं मत काय?" भाच्याने विचारले.

"पाचवा पंथ," मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो. "मूळ संहितेला धक्का लावू नये."

माझ्या या ठाम मतामागे जपानी कारागिरीचा अभ्यास नव्हता. त्यामागे आमच्या धामणगावची फियाट होती.

धामणगाव बढे हे आमचे गाव मोताळा तालुक्यात. बुलढाण्याहून यायचे तर राजूरचा घाट उतरून खाली यावे लागते. रेल्वेला जायचे तर मलकापूर गाठावे लागते. कापूस, मका आणि सोयाबीन यांच्या भावावर गावाचा मूड ठरतो. तिथल्या आमच्या घराच्या ओसरीशेजारी, जिथे पूर्वी बैल बांधत, तिथे एक पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी असते. १९८६ सालची. आमच्या आबांनी ती १९९० साली मलकापूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि चार एकर कापूस करीत होते. त्यांनी आयुष्यात केलेली ही एकच चैन.

पद्मिनी हेही एक पुराणच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या, आणि मग इटलीच्या फियाटचा संसार आला. पन्नासच्या दशकातली 'डुक्कर फियाट' आमच्या वडीलधाऱ्यांना अजून आठवते. तिची पुढची दारे उलटी उघडत. तिच्यामागून १९६४ च्या सुमारास आली ती ११०० डिलाइट. तीच पुढे प्रेसिडेंट झाली, आणि १९७४ साली चितोडच्या राणीचे नाव घेऊन पद्मिनी झाली. नाव बदलले, नाकडोळे किंचित बदलले, पण आतली बाई तीच. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे बाकासारखी सलग बैठक, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आणि अर्थातच ताकद मागच्या चाकांना. एके काळी ती मिळावी म्हणून लोक नाव नोंदवून वर्षे मोजत. १९८३ अखेर मारुती आली आणि राणीचे राज्य हळूहळू आटोपले. शतक संपता संपता कारखान्यातून ती निघेनाशी झाली. मुंबईच्या रस्त्यावरची अखेरची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत भरून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर अग्रलेखाच्या तोडीचे मजकूर लिहिले.

आणि कोणी असे समजू नये की बदलाची हौस फक्त अमेरिकेतल्या भाच्यांना. या गरीब फियाटला तरुणांनी कधीच स्वस्थ बसू दिले नाही. मद्रासजवळ शोलावरमला जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती होत. तिथे हीच फियाट हलकी करून, इंजिन घासूनपुसून पळवीत. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी, मागच्या चाकांची, दुरुस्तीला सोपी अशी ती होती. कूपे नव्हती, चार दारांची होती, पण हौसेला दारे मोजायची सवय नसते. १९८५ साली तर कंपनीनेच जपानी निस्सानचे इंजिन घालून ११८ एनई नावाची दुसरी गाडी काढली. तेव्हापासून ते निस्सानचे इंजिन उचलून पद्मिनीत बसवावे, हा विचार किती तरुणांच्या डोक्यात येऊन गेला असेल!

माझ्या डोक्यात तो आला नाही, कारण माझ्यापाशी तेवढे पैसे नव्हते. पण २००१ साली, अमरावतीला बी. ए. करीत असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्यापुरता पराक्रम केला. आबा एका लग्नाला परगावी गेले होते. मी गाडी मलकापूरला नेली आणि मागच्या कमानीतला एकेक पाटा काढून टाकला. मागचे बूड खाली बसले की गाडी सिनेमातल्या गाडीसारखी दिसते, असे मला कोणीतरी सांगितले होते. तशी ती दिसलीही. दोन दिवस गावातल्या पोरांनी मला फार मान दिला. तिसऱ्या दिवशी आबा, आई, दादा, आजी आणि दोन ट्रंका घेऊन गाडी निघाली. पहिल्याच गतिरोधकावर तिचे बूड असे घासले, की आजीने मागून "मेले रे बाप्पा!" म्हणून हाक दिली. आबा उतरले, खाली वाकून पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा गाडीत बसले. एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात पाटे परत बसले होते. त्यावरही ते कधी बोलले नाहीत. २०१४ साली ते गेले, तोवर नाही.

न बोललेल्या शब्दाचे ओझे फार वर्षे राहते. आबा गेल्यानंतर मी त्या गाडीच्या बाबतीत असा काही सोवळा झालो, की दादासुद्धा थक्क झाला. गाडी दादाच्या ताब्यात, खर्च दादाचा, पण तिच्याविषयीचे धर्मशास्त्र माझे. कंपनीने जे दिले तेच राहील. खिळा बदलायचा तर कंपनीचाच. तो मिळत नसेल तर मिळेपर्यंत थांबायचे.

यंदा मे महिन्यात याला पहिले आव्हान आले, ते दादाच्या मुलाकडून. तो पुण्याला अभियंता आहे. आला तोच कागदांची गुंडाळी घेऊन.

"काका, मी सगळं काढलंय. आपण पद्मिनीत जिप्सीचं इंजिन टाकू. मारुती ८०० चं आडवं असतं, ते बसत नाही. जिप्सीचं उभं असतं, मागच्या चाकांचं. पाच गिअर मिळतील. पुढं डिस्क ब्रेक, रुंद टायर, बादलीच्या सीट. गाडी शंभरच्या वर सहज जाईल."

"धामणगावात शंभरच्या वर कुठं जायचं आहे रे?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. चर्चेतले हे सर्वांत मुद्देसूद वाक्य होते, पण कोणी लक्ष दिले नाही.

मी आधी कायद्याचा आधार घेतला. भाच्याच्या वादापासून मी याही विषयात थोडा वाचू लागलो होतो. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे आणखी स्पष्ट केले. मान्यता असलेला गॅसचा किंवा विजेचा संच बसवणे वेगळे, हौसेखातर दुसऱ्या जातीचे इंजिन बसवणे वेगळे. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची झाली की तिला 'विंटेज' म्हणून मानाची नोंदणी मिळू शकते, मात्र तिच्या सांगाड्यात, इंजिनात मोठी उलथापालथ केलेली नसावी. "आपली गाडी २०३६ साली पन्नाशीची होईल," मी म्हणालो. "तोवर दम धर."

"काका, म्हणजे तिनं म्हातारी व्हायची वाट पाहायची? चालवायची केव्हा?"

यावर मी माझे हुकमी शस्त्र काढले. "हे बघ, शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवल्या. तीनशे वर्षांत नकलाकारांनी, हौशी कवींनी तिच्यात आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. नाथ स्वतः केवढे कवी! पण त्यांनी आपली भर घातली नाही. पाठ शुद्ध केला, आणि पुढच्यांनाही भर घालू नका म्हणून बजावले. मूळ वस्तूचा मान राखणे याला मोठे मन लागते. हा मागच्या दारापाशी पितळी मूठ आहे ना, तीच पाहा. धरून उतरायला किती सोयीची! असले बारकावे कंपनी तेव्हा करत होती. आज कोण करतो?"

पुतण्या गप्प बसला. दादाने मान हलवली. मोताळ्याकडच्या रस्त्यावर ज्याचे दुकान आहे तो म्हातारा मिस्त्री तिथे चहा प्यायला बसला होता. तो तेवढा म्हणाला, "सर, इंजनाचं राहू द्या. पन ब्रेकाचे पाइप आन् सिलिंडर तरी बदला. तेल बी लय जुनं हाय. मी दुसऱ्या गाडीचं सामान बसवतो, झ्याक बसते."

"दुसऱ्या गाडीचे नको," मी म्हणालो. "मी मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात कंपनीचे शोधतो."

जून गेला, जुलै गेला. परीक्षा, पेपर तपासणी, चर्चासत्रे. कुर्ला राहिले.

भाद्रपदात एका संध्याकाळी दादाचा फोन आला. तो फोनवर कधी फार बोलत नाही. वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बुलढाण्याला नेले होते. परतताना राजूर घाटात पाऊस लागला. पुढे ट्रक, मागे एसटी. उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावा लागला. ड्रमचे ब्रेक तापले की पकड सोडतात, आणि ब्रेकच्या तेलात वर्षानुवर्षांचे पाणी मुरलेले असले की तापून त्याची वाफ होते. मग पायाखाली दाबायला काही उरत नाही. दादाचा पाय थेट तळाला गेला. त्याने गिअर दुसऱ्यात टाकला, मग पहिल्यात, आणि डोंगराच्या अंगाला असलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात गाडी घातली. गाडीचा दिवा फुटला. वहिनींच्या कपाळाला खोक पडली, दोन टाके.

"दोघं बरे आहोत," दादा म्हणाला. "तू काळजी करू नको." आणि जरा थांबून म्हणाला, "ते कुर्ल्याचं सामान आता नको शोधू."

बस एवढेच. आबांचाच मुलगा तो.

मी दुसऱ्या दिवशी धामणगावला गेलो. वहिनींच्या कपाळावर पट्टी होती, आणि त्या मला चहा देताना हसत होत्या. माणसाला रागावणे परवडते, हे हसणे परवडत नाही. गाडी मिस्त्रीच्या दुकानापुढे चाके काढून ठोकळ्यांवर उभी होती. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्याने काळे पडलेले तेल वाटीत काढून दाखवले, चिरलेला रबरी पाइप दाखवला.

"सर, एक इचारू का?" तो म्हणाला. "पोथी घेऊन कोनी घाट उतरते काय?"

मी काही बोललो नाही.

"पोथीत चूक ऱ्हायली तं वाचनाऱ्याचं काही जात नाही. गाडीचं तसं नसते. पयले थांबनं पाहा, मंग पळनं पाहा. बाकी तुमची हौस."

गंमत अशी, की त्याच रात्री भाच्याचा फोन आला आणि त्याने जवळपास हेच सांगितले. तिकडच्या सगळ्या पंथांत वर्षभर हिंडून तो एका जागी पोचला होता. जहाल, मवाळ, शृंगारवादी, सगळे भांडतात, पण जे खरोखर गाडी पळवतात ते एकच सांगतात: आधी ब्रेकचे तेल आणि ब्रेकपट्ट्या बदल, मग चांगले टायर घाल, मग शिकवणाऱ्याला शेजारी बसवून एक दिवस धावपट्टीवर चालवायला शीक. यानंतरही ताकद कमी वाटली तर पैसे खर्च कर. "मामा, मी शिकून आलो. गाडी तीच आहे, मी जरा सुधारलो." आणि ज्यांनी ती गाडी केली त्यांनीही हटवादीपणा केला नव्हता. लोकांची कुरकुर ऐकून पुढच्या पिढीच्या गाडीला त्यांनी २.४ लिटरचे इंजिन दिले आणि तो मधला खड्डा भरून काढला. मूळ संहितेच्या लेखकानेच दुसरी आवृत्ती सुधारून काढली होती, आणि मी पहिल्या आवृत्तीला कवटाळून बसलो होतो.

राहिली एक गोष्ट. गाडीचे जुने कागद हवे होते म्हणून दादाने आबांची ट्रंक उघडली. त्यात त्यांची हिशेबाची वही निघाली. मास्तरी वळणाचे टपोरे अक्षर. शेती, घर, औषधपाणी, शाळा, गाडी, अशी खाती पाडलेली. गाडीच्या खात्यात काय नव्हते! मूळची पेट्रोलची टाकी गळाली म्हणून दुसरी बसवली. पुढचे दिवे मंद म्हणून जास्त उजेडाचे घातले. डावीकडे आरसा नव्हता, तो लावला. मी ज्या गाडीचे मूळ रूप जपत होतो ते मूळ रूप माझ्या जन्मदात्यानेच ठिकठिकाणी बदलून ठेवले होते. १९९२ च्या पानावर एक नोंद होती: 'आईस उतरावयास सोयीचे व्हावे म्हणून मागील दारापाशी पितळी मूठ. लोहार व मिस्त्री मिळून रु. ३५.'

दादाने ती मोठ्याने वाचली. पुतण्याने माझ्याकडे पाहिले. पोरगा चांगल्या वळणाचा आहे, हसला नाही.

वहीच्या अगदी शेवटच्या पानावर आणखी एक खाते होते. त्याला शीर्षक होते 'हौस'. आयुष्यभरात मिळून त्यात सात-आठच नोंदी. आईला घेतलेली पैठणी. एक रेडिओ. पंढरपूर. खुद्द गाडीची किंमत आबांनी 'गाडी' या खात्यात न टाकता इथेच मांडली होती. आणि सगळ्यांत शेवटी, २००१ च्या जून महिन्यात: 'मागील पाटे पुन्हा बसविणे, रु. १८०. धाकट्याची हौस.'

'नुकसान' असे खाते त्या वहीत होते. अवकाळी पाऊस, मेलेला बैल, बुडालेले उसने, सगळे त्यात होते. माझे एकशे ऐंशी रुपये आबांनी तिथे लिहिले नव्हते. चोवीस वर्षे ज्याचे ओझे वागवले, ते त्यांनी त्याच आठवड्यात हौसेच्या खात्यात जमा करून टाकले होते, आईच्या पैठणीच्या खाली.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. ब्रेकचे पाइप, सिलिंडर, पट्टे, तेल सगळे नवे. कुर्ल्याचे नव्हे, मिस्त्रीने जमवलेले. टायर नवे, पुढे मागे पट्टे. इंजिन तेच, रिंगा तेवढ्या बदलल्या. पुतण्याने जिप्सीचे इंजिन सोडले आणि मी 'मूळ' सोडले, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला. खर्च आम्ही तिघांनी वाटून घेतला. माझा वाटा मी हट्टाने थोडा जास्त दिला. कुठल्या खात्यात मांडायचा, ते दादावर सोपवले.

या दिवाळीत भाऊबीजेला त्याच गाडीने आम्ही सगळे घाट चढून बुलढाण्याला बहिणीकडे जाणार आहोत. वहिनी मागे बसणार आहेत, मुठीपाशी. त्यांनी एकच अट घातली आहे, की वाटेत गाडीविषयी कोणी मत द्यायचे नाही. मी ती मान्य केली आहे. माझे शेवटचे मत या पानावर छापून झाले, आता माझ्यापाशी शिल्लक नाही.